छुई, नीळ आणि रोगण : आमच्या भिंतींची हकीकत

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी "आपल्या भागाच्या इतिहासावर काहीतरी लिहून द्याच" अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. मी काही इतिहासकार नव्हे. गोंदियाचा इतिहास म्हटला की धानाच्या गिरण्या, विड्यांचे कारखाने, आगगाडीचे जंक्शन आणि १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला आपला जिल्हा, एवढे चार मुद्दे कोणीही लिहील आणि माझ्यापेक्षा चांगले लिहील. परंतु गेल्या दिवाळीपूर्वी शेजारी घडलेली एक लहानशी गोष्ट माझ्या मनात घोळत होती. तीवरूनच हे लिहीत आहे.

शेजारच्या सूनबाईंनी बैठकीच्या खोलीची एक भिंत 'डिझाइनची' करून घेतली. रंगारी दोन दिवस खपत होता. फिक्या रंगावर गडद रंगाचा एक हात द्यावयाचा आणि तो ओला आहे तोवर चुरगळलेले फडके त्यावरून लोळवीत न्यावयाचे, म्हणजे खालचा रंग मधूनमधून डोकावतो, अशी ती रीत. काम झाल्यावर मला मुद्दाम बोलावून दाखविले. "काकू, अगदी नवीन पद्धत आहे," त्या कौतुकाने म्हणाल्या. भिंत खरोखरच छान दिसत होती, आणि मी तसे सांगितलेही. पण घरी परतताना मला हसू आवरेना. कारण ओल्या भिंतीवर फडके कसे फिरवावे, याच गोष्टीवरून पन्नास वर्षांपूर्वी मी सासूबाईंची बोलणी खाल्ली होती.

माझे माहेर नागपूरचे, महालातले. चितारओळ आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. आज तेथे गणपतीच्या आणि देवीच्या मूर्ती घडतात, परंतु ओळीचे नावच सांगते की हे चित्रे काढणारांचे ठिकाण. पूर्वी लग्नकार्य निघाले की चितारी बोलवावयाचे आणि दाराच्या दोन्ही बाजूंस हत्ती, भालदार, केळीचे खांब रंगवून घ्यावयाचे, असे माझी आजी सांगे. आमच्या स्वतःच्या घराला मात्र डिस्टेंपर होते. भिंत म्हणजे पैसे देऊन रंगवून घेण्याची वस्तू, अशीच माझी समजूत. १९७२ साली लग्न होऊन मी आमगावच्या बाजूच्या एका खेड्यात आले, तेव्हा त्या समजुतीसह आले.

घर मातीचे, कवेलूंचे. आतल्या भिंती इतक्या पांढऱ्याशुभ्र आणि थंड की, मला वाटले, चुनाच असेल. तो चुना नव्हता, छुई होती. छुई म्हणजे खाणीतून निघणारी मऊ पांढरी माती. बाजाराच्या दिवशी बायका टोपल्यांतून तिचे ढेकळे विकावयास आणीत. आपल्याकडील जुन्या भगिनींना छुई काय हे सांगावयास नको, पण स्मरणिका आता मुलीबाळीही वाचतात म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

दसरा झाला की भिंतीचे काम निघे. आधी पावसाने जेथे पोपडे गेले असतील तेथे माती लावावयाची. ही माती नुसती नव्हे. तीत बारीक कापलेले तणस आणि धानाचा कोंडा कालवून ती चारसहा दिवस कुजत ठेवावयाची. कुजली की तिला वास येई, पण चिकटपणाही येई, आणि वाळताना ती तडकत नसे. त्यावर शेणमातीचा हात. मग रात्रभर भिजवलेली छुई फडक्यातून गाळून, पोताऱ्याने भिंतीवर घ्यावयाची. पोतारा म्हणजे जुन्या लुगड्याचा बोळा. खांद्यापासून हात फिरवला की भिंतीवर अर्धवर्तुळे उमटत, एकाशेजारी एक, माशाच्या खवल्यांसारखी. मी पहिल्या वर्षी पोतारा वरखाली, झाडू मारल्यासारखा फिरविला. भिंत वाळली तेव्हा तीवर नुसते ओघळ दिसू लागले. सासूबाईंनी ते पाहिले आणि म्हणाल्या, "भितीले घाई कामाची नाही, पोरी. आधी पानी पिऊ दे तिले." म्हणजे भिंत आधी ओलावून घ्यावयाची. कोरडी भिंत छुईतले पाणी शोषून घेते आणि मग फडके पुढे सरकतच नाही. दुसऱ्या हाताच्या वेळी, छुई ओली असतानाच, त्या चार बोटे भिंतीवरून नागमोडी ओढीत नेत. वाळल्यावर उन्हाची तिरीप आली की तेवढ्यापुरती नक्षी दिसे, एरवी भिंत साधी. मला अजूनही ती तऱ्हा सर्वांत सुंदर वाटते. तीत दुसरा रंगच नाही.

खाली जमिनीपासून हातभर पट्टा वेगळ्या रंगाचा असे. बहुतेक घरी गेरूचा, आमच्याकडे काळसर. तणस जाळून त्याची राख मातीत कालवली की तो रंग येई. हा पट्टा शोभेचा खरा, पण त्याहून सोयीचा. सारवताना उडणारे शिंतोडे, भिंतीला टेकलेल्या तेलकट डोक्यांचे डाग, मुलांचे पाय, सारे त्यात लपे. पट्ट्याची वरची कड सरळ यावी म्हणून गेरूत भिजवलेले सूत दोघी जणी दोन टोकांना ताणून धरीत आणि तिसरी ते मध्येच चिमटीने ओढून सोडी. फट् असा आवाज होऊन भिंतीवर रेघ उमटे. या सोडण्याच्या कामासाठी घरातल्या पोरींची भांडणे लागत. रेघेच्या वर तांदळाच्या पिठाचे ठिपके, पाने, वेली. तांदूळ भिजत घालून पाट्यावर वाटावयाचे आणि काडीच्या टोकाला कापूस गुंडाळून लिहावयाचे. भेंडीचे देठाकडचे टोक कापून त्याचे ठसेही आम्ही उठवीत असू. सारे काम भाऊबीजेच्या आत संपवावे लागे, कारण पुढे गावोगावच्या मंडया सुरू होत आणि पाहुणे येत.

छुईसंबंधी आणखी एक गोष्ट लिहिली पाहिजे. ती फुकटची माती, असे आपण म्हणतो, पण तिचीही किंमत पडे. खाणीत शिरून, वरची माती तशीच ठेवून खालून पोखरीत जावे लागे. दिवाळीच्या तोंडावर छुई खणताना दरड कोसळून बायका दगावल्याच्या बातम्या मध्यप्रदेश आणि छत्तीसगडाकडून अनेकदा वर्तमानपत्रांत आल्या आहेत. पांढऱ्या भिंतीमागे हेही आहे.

आता थोडे दूरचे. आमच्या या मातीचे मूळ मला सापडले ते अगदी अनपेक्षित ठिकाणी. १९८१ साली आम्ही अजिंठ्याला गेलो होतो. तेथील मार्गदर्शकाने सांगितले की लेण्यांतली चित्रे थेट दगडावर काढलेली नाहीत. दगडावर प्रथम मातीचा जाड थर, तीत धानाचा कोंडा, गवत, वनस्पतींचे तंतू घातलेले; त्यावर बारीक मातीचा थर, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर खळ घातलेल्या रंगांनी चित्र. मी यजमानांचा हात धरून म्हटले, "अहो, ही तर आपलीच भिंत!" त्यांना काही कळले नाही. रंगही ओळखीचे निघाले: गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, चुना. यातील बहुतेक लेणी वाकाटक राजा हरिषेण याच्या काळी, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात कोरली गेली, आणि या हरिषेणाची राजधानी वत्सगुल्म म्हणजे आपले वऱ्हाडातले वाशीम. तेव्हा हे सारे काही परक्या मुलखातले नव्हे. अजिंठ्याच्या चित्रकारांनी आमच्याकडून विद्या घेतली असे मी म्हणत नाही. एवढेच म्हणते की धानाचा कोंडा मातीला धरून ठेवतो हे पंधराशे वर्षांपूर्वीही ठाऊक होते, आणि ते सासूबाईंपर्यंत कोणत्याही पुस्तकावाचून पोहोचले.

अजिंठ्याच्या रंगांत एकच रंग बाहेरचा आहे, निळा. तो लाजवर्द या दगडाचा. हा दगड अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून येई. सोन्याच्या तोलाचा तो रंग गरिबाच्या भिंतीवर कोठून दिसावा? तो दिसला, पण फार उशिरा. १८२८ साली फ्रान्समध्ये गिमे नावाच्या गृहस्थाला हा रंग कृत्रिम रीतीने स्वस्तात तयार करण्याबद्दल बक्षीस मिळाले. पुढे त्याचीच पुडी कपड्यांची नीळ म्हणून घरोघर आली. आपण जिला रॉबिन नीळ म्हणून ओळखतो, ती रसायन म्हणून पाहिली तर लाजवर्दाची सख्खी बहीण. झाडापासून निघणारी नीळ निराळी. आमच्याकडील खेड्यांतून आजही ज्या फिक्या आणि गडद निळ्या भिंती दिसतात, त्या या पुडीच्या. राजाच्या लेण्यातला रंग धोब्याच्या बादलीतून आमच्या स्वयंपाकघरात आला, याची मला फार मौज वाटते.

नीळ छुईत घालीत नसत असे नव्हे, पण ती खरी खुले चुन्यात. चुन्याची चाल आमच्याकडे स्टेशनाच्या आजूबाजूच्या वस्तीतून खेड्यात गेली असावी. कळीचा चुना पाण्यात टाकला की उसळतो, म्हणून मुलांना लांब ठेवावे लागे. डोळ्यात शिंतोडा उडाला तर डोळा जावयाचा. विरी गेल्यावर तो निदान एक रात्र मुरू द्यावा, गाळावा, त्यात बाभळीचा डिंक किंवा भाताची पेज घालावी आणि चिमूटभर मीठ. नीळ थेट टाकू नये, पुरचुंडीत बांधून पाण्यात खळबळावी, नाहीतर भिंतीवर निळ्या रेघा उठतात. एक जाड हात देण्यापेक्षा तीन पातळ हात बरे. चुना नुसता वाळत नाही. हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड घेऊन तो पुन्हा दगड बनतो. म्हणूनच पहिल्या दिवशी फिकट वाटणारी भिंत आठवड्याने उजळते. आणि सासूबाई म्हणत तसे, अशी भिंत 'दम घेते', म्हणजे ओल आत जाते तशी बाहेरही येते. वाळलेल्या घोसाळ्याची जाळी निळेत बुडवून पांढऱ्या भिंतीवर टिपली की ढगांसारखी नक्षी उठे. शेजारच्या सूनबाईंच्या रंगाऱ्याने हेच काम विकतच्या स्पंजाने करून दाखविले असते आणि फुटाच्या हिशेबाने पैसे घेतले असते.

पैशाची गोष्ट निघालीच आहे तर माझ्या मनातला मुद्दा सांगून टाकते. घराची आतली भिंत हे बायकांचे काम होते तोवर त्याला ना मजुरी होती, ना नाव. बिहारात मिथिलेच्या बायकाही अशाच लग्नघराच्या भिंती रंगवीत. १९६६-६७ च्या दुष्काळात हस्तकला मंडळाने त्यांच्याकडे भास्कर कुलकर्णी या आपल्या मराठी चित्रकाराला पाठविले. भिंतीवरचे कागदावर काढा, म्हणजे विकता येईल, असे त्यांनी सांगितले. त्यातून जगदंबादेवी, सीतादेवी, गंगादेवी या बायकांची नावे देशभर झाली, पद्मश्री मिळाल्या. हेच कुलकर्णी पुढे सत्तरीच्या दशकात ठाणे जिल्ह्यात वारल्यांकडे गेले. तेथेही गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहिण्याचे काम सुवासिनींचे. पण कागदावर आल्यावर नाव झाले ते जिव्या सोमा मशे यांचे. ते थोर कलावंत होते यात शंका नाही, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली ती सर्वथा योग्यच. आपल्या उत्तरेला, डिंडोरीच्या पाटणगडातही असेच. गोंड-परधान बायका घराच्या भिंतीवर आणि जमिनीवर डिगना काढीत. जनगढसिंह श्याम यांना चित्रकार स्वामीनाथन यांनी भोपाळच्या भारत भवनात आणले आणि त्यांची चित्रे परदेशी गेली. २००१ साली जपानमध्ये त्या गुणी माणसाचा अंत झाला. डिगना काढणाऱ्या बायकांपैकी किती जणींची नावे आपल्याला ठाऊक आहेत? आणि आमच्याकडे, साकोली-आमगाव-देवरीच्या बाजूला, कोणी कुलकर्णी आलेच नाहीत. आमच्याकडे एकदम रोगणाचा डबा आला.

तो कसा आला हे सर्वांनी पाहिलेच आहे. मुंबईत १९४२ साली एशियन पेंट्स निघाली, १९५४ साली आर. के. लक्ष्मण यांनी काढलेला खट्याळ गट्टू हातात ब्रश घेऊन जाहिरातींत आला, आणि रंग ही गोष्ट मध्यमवर्गाच्या आटोक्यात आली. सरेसाचे डिस्टेंपर अंगाला लागे म्हणून भिंतीला टेकू नका, अशी ताकीद माझ्या माहेरी पाहुण्यांनाही मिळे. पुढे धुता येणारे डिस्टेंपर निघाले. रंगारी फुलांचे रबरी रोलर घेऊन येऊ लागले. एकदा फिरविला की वरपासून खालपर्यंत वेल. जुन्या एक्स-रेच्या फिल्मा कापून केलेले साचे तर मी आमच्याच रंगाऱ्याजवळ पाहिले. कोणाच्या तरी बरगड्यांतून मोर कापलेला होता.

आता माझी स्वतःची चूक. १९९८ साली थोरल्या मुलाचे लग्न ठरले. सून शहरातली, पाहुणे शहरातले. मीच हट्ट धरला की आतल्या सर्व भिंतींना ऑइल पेंट लावावयाचा. सासूबाई तेव्हा पंचाहत्तरीच्या. त्या एवढेच म्हणाल्या, "रोगन लावशील त भितीनं दम कोठून घ्यावा?" मी लक्ष दिले नाही. रंगाऱ्याला सांगितले, सगळे एकसारखे करा, आणि फराळाच्या कामाला लागले.

देवाच्या खोलीत एका भिंतीवर हळदीच्या हातांचे थापे होते. घरात आलेल्या प्रत्येक सुनेचा एक. सासूबाईंच्या सासूबाईंचा, त्यांचा आणि माझा. दरवर्षी छुई घेताना तेवढी वीतभर जागा सोडून पोतारा फिरे. मी रंगाऱ्याला ते सांगितले नाही. त्याचा काय दोष? त्याने घासकागदाने भिंत घासली आणि दोन हात दिले. संध्याकाळी सासूबाई दिवा लावावयास आत गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. मी गेले तेव्हा त्या गुळगुळीत भिंतीला हात लावून उभ्या होत्या. मला काही बोलल्या नाहीत. पुढेही कधी बोलल्या नाहीत. नव्या सुनेचा थापा त्या ऑइल पेंटवर घेतला तो दोन दिवसांत ओघळून गेला.

दोन पावसाळे झाले आणि पेंट फुगू लागला. जमिनीतली ओल मातीच्या भिंतीत चढते, तिला बाहेर पडावयास वाट मिळेना. जेथे खाली चुना होता तेथे तर तेलाचा चुन्याशी साबण झाला आणि रंग चिकट होऊन सुटला. पोपडे पडत ते नुसत्या रंगाचे नव्हे, खालचे सारे थर घेऊन पडत. एक पोपडा मी हातात घेऊन पाहिला. बोटाएवढा जाड, कडेने पाहिला तर पांढरा, निळा, पांढरा, निळा, मध्येच पिवळसर, एकेका दिवाळीचा एकेक थर. देवाच्या खोलीतले पोपडे मी सूप भरून गोळा केले आणि उलटेपालटे करून पाहिले. हळदीचा रंग कोठे सापडला नाही.

त्या जुन्या तेलरंगांत शिसे असे हे मला फार पुढे कळले. लहान मुले भिंतीचे पोपडे तोंडात घालतात, म्हणून आता कायद्याने घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत नव्वद भागांवर जाऊ द्यावयाचे नाही. २०१६ चा नियम, २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू. जुने घर खरडणाऱ्या भगिनींनी तोंडाला फडके बांधावे, भिंत ओली करून खरडावी आणि मुलांना दूर ठेवावे.

छुईच्या भिंती गेल्या त्याचे मला सरसकट दुःख नाही, हेही प्रामाणिकपणे लिहिते. दर दसऱ्याला पंधरा दिवस कंबर मोडणारे ते काम होते आणि ते न करण्याची मुभा एकीलाही नव्हती. १९८५ पासून इंदिरा आवास आणि २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजनेत ज्यांना विटांचे घरकुल मिळाले त्या बायकांना पावसात भिंत कोसळण्याची धास्ती राहिली नाही, हे थोडे नव्हे. मला खुपते ते एवढेच की हाताला येणारी विद्या होती ती कोणी मांडून ठेवली नाही.

सासूबाई २००३ साली गेल्या. पुढचे घर पाडून पक्के बांधले. मागची धानाची खोली मात्र मातीचीच आहे. तिला दरवर्षी मी स्वतः छुई घेते. आता हात खांद्यावर जात नाही म्हणून वरचा भाग नात करते. तिची अर्धवर्तुळे अजून वेडीवाकडी येतात.

ज्या भगिनींच्या घरी, माहेरी वा शेतावरच्या खोलीत अशी पोतारलेली भिंत, ठशांची कड किंवा हाताचे थापे अजून असतील, त्यांनी रंगरंगोटीचा बेत करण्यापूर्वी मला निरोप धाडावा. मी आणि नात येऊन फोटो काढून नेऊ. सोबत ती भिंत कोणी केली त्या बाईचे पूर्ण नाव, तिचे माहेरचे गाव आणि ती कोणाकडून शिकली, एवढे कागदावर लिहून ठेवावे.